निकस मातीची श्रीमंती

चार्ल्स डार्विनने हिरवळीचा एक लहानसा तुकडा कापायचा थांबवला आणि काय होते ते पाहत राहिला. तुकडा जेमतेम तीन फूट बाय चार फुटांचा. कापणी चालू होती तोवर त्यात वीस जातींच्या वनस्पती नांदत होत्या. सगळ्यांना मोकळे वाढू दिल्यावर त्यांतल्या नऊ नाहीशा झाल्या. त्या कोणी उपटल्या नव्हत्या. दांडग्या शेजारणी उंच झाल्या आणि खालच्यांचा उजेड गेला. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये ही नोंद एखाद्या वाक्यापुरती येते आणि बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. मला मात्र त्या ग्रंथातल्या सर्वांत महत्त्वाच्या नोंदींपैकी ही एक वाटते. जीवनकलह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाघ, रक्त आणि जिवाच्या आकांताने पळणारे हरीण येते. डार्विन त्याच विषयावर लिहीत होता आणि त्याच्यापुढे गवत होते.

निसर्गातल्या स्पर्धेविषयीची आपली समजूत 'बळी तो कान पिळी' या म्हणीत मावते. वाघ चितळाला मारतो, हे तिचे ठरलेले उदाहरण. पण वाघ आणि चितळ यांच्यात स्पर्धा नसतेच. वाघाची स्पर्धा असते बिबट्याशी आणि कोळसुंद्यांशी, कारण चितळ तिघांनाही हवे असते. चितळाची स्पर्धा गव्याशी, सांबराशी, रानात चरायला सोडलेल्या गुरांशी. गवताची गवताशी. हवी असलेली वस्तू एक आणि मागणारे अनेक, अशी ही स्थिती असते, आणि तिच्यातली बहुतेक हारजीत आवाज न होता घडते. ज्याला उजेड मिळत नाही तो खुरटतो. ज्याच्या मुळांपाशी ओल उरत नाही त्याला बी धरत नाही. पुढच्या वर्षी तो तिथे नसतो, एवढेच.

आता बलवानच नेहमी जिंकत असेल तर आजवर एकच जात उरायला हवी होती. तसे झालेले नाही. सह्याद्रीतल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माथ्यावर, पावसाळ्यात गुडघे टेकून बसले तर हाताच्या अंतरात दहा-बारा जातींची रोपे सहज मोजता येतात. ती सगळी एकाच मातीत, एकाच पावसावर उभी असतात. ती टिकली कशी, या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलटे आहे. स्पर्धा जीवघेणी होते ती सगळे स्पर्धक एकाच वस्तूसाठी उभे राहिले की. टंचाई अनेक तऱ्हांची असते तोवर प्रत्येकाला कुठेतरी जागा सापडते. बाकीची सगळी टंचाई दूर करून आपण एकच वस्तू अपुरी ठेवली की मग खरोखरच एक जण उरतो आणि बाकीचे जातात. जमीन 'सुधारायला' निघालेल्या आपल्या काळाने ही गोष्ट समजून घेणे मला फार तातडीचे वाटते.

मॉस्कोत गियोर्गी गाउस नावाच्या तरुण संशोधकाने १९३४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकाच नळीत, एकाच प्रकारच्या अन्नावर वाढवल्या. काही दिवसांत एक उरली, दुसरी संपली. एकच अन्न एकाच पद्धतीने वापरणाऱ्या दोन जाती एका जागी कायमच्या राहू शकत नाहीत, हा नियम पुढे त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. शाळा-महाविद्यालयांत एवढाच गाउस शिकवला जातो. त्याचाच दुसरा एक प्रयोग क्वचित कोणी सांगते. हरलेल्या जातीला त्याने तिसऱ्या एका जातीबरोबर ठेवले, तेव्हा दोन्ही जगल्या. एक वरच्या पाण्यात तरंगणारे जिवाणू खात होती, दुसरी तळाशी बसलेले यीस्ट. नळी तीच होती, फक्त तिच्यात जगण्याच्या दोन तऱ्हा निघाल्या होत्या. पहिला प्रयोग प्रसिद्ध झाला आणि दुसरा मागे पडला, याचे मला वाईट वाटते. रानात पाहायला मिळते ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रयोगासारखे असते.

नागरहोळेच्या जंगलात उल्लास कारंत आणि मेल्विन सनक्विस्ट यांनी वाघ, बिबट्या आणि कोळसुंदा यांच्या शिकारीचा जो अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हेच दिसते. तिघेही त्याच रानात, तिघेही मांसावर जगणारे. पण वाघाच्या मुख्य शिकारीचे सरासरी वजन नव्वद किलोच्या पुढे होते, म्हणजे गवा आणि सांबर यांच्यावर त्याचा भर. बिबट्या आणि कोळसुंदा चाळीस किलोच्या आसपास राहत होते. त्या दोघांचे जमते कसे? कोळसुंदे मुख्यतः दिवसा, कळपाने पाठलाग करून मारतात. बिबट्या बहुधा रात्री, एकटा, दबा धरून. अर्थात ही वाटणी काही सामंजस्याने झालेली नाही. वाघाला सापडला तर तो बिबट्याला मारतो. वाटणी टिकते ती रानात गव्यापासून पिसोरीपर्यंत सगळ्या आकारांचे प्राणी असतात म्हणून. गवे आणि सांबर संपले की वाघ चितळावर येतो, आणि तिथे आधीपासून जगणाऱ्या बिबट्याला रानाबाहेर सरकावे लागते.

प्राण्यांना निदान उठून दुसरीकडे जाता येते. झाडाला तीही सोय नाही. म्हणून स्पर्धेतून वाट काढण्याच्या खऱ्या युक्त्या पाहायच्या तर वनस्पतींकडे जावे, आणि महाराष्ट्रात त्यासाठी कासच्या पठाराइतकी चांगली जागा नाही.

साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर हा जांभ्याचा सपाट माथा आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही जमीन अगदीच टाकाऊ. मातीचा थर कुठे चार बोटे, कुठे नखभर, कुठे नुसता खडक. पाऊस धो धो पडतो आणि आपल्याबरोबर मातीतला नत्र धुऊन नेतो. ऑक्टोबर संपला की तोच खडक तापतो आणि सात महिने पाण्याचा थेंब नसतो. म्हणजे इथे माती नाही, नत्र नाही, स्फुरद नाही, आणि वर्षाचा बराचसा काळ पाणीही नाही. एवढ्या दारिद्र्यात या परिसरातून साडेआठशेच्या आसपास जातींच्या वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत.

जमते ते असे. पहिली वाटणी दिवसांची. जूनच्या पहिल्या सरींबरोबर कंदवाल्या वनस्पती घाईने पाने काढतात. गेल्या वर्षीचे अन्न त्यांनी जमिनीखाली साठवलेले असते, त्यामुळे बी रुजण्याची वाट पाहणाऱ्यांच्या आधी त्या फुलून मोकळ्या होतात. श्रावणात गेंदाची पांढरी बोंडे आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी शेते दिसू लागतात. मग तेरडा, सोनकी आणि स्मिथियाची पिवळी फुले येतात, आणि पाऊस ओसरताना गवते आपले तुरे वर काढतात. फुले बदलतात तशा मधमाश्या आणि फुलपाखरेही वाटून घेतली जातात. टोपली कारवीने तर वर्षांचीच वाटणी केली आहे. सहा पावसाळे ती नुसती पाने वाढवते आणि सातव्या वर्षी सगळी एकदम फुलते. बी इतके पडते की खाणाऱ्यांना ते संपवता येत नाही.

दुसरी वाटणी जागेची, आणि ती इतक्या बारकाईची की वरवर पाहणाऱ्याला दिसतही नाही. पाणी साचणाऱ्या खळग्यात वायतुरा, खळग्याच्या ओल्या काठावर गेंद, कोरड्या उंचवट्यावर वेगळे गवत, खडकाच्या भेगेत आणखी वेगळे कोणी. दोन पावले सरकले की रहिवासी बदलतात.

आणि तिसरी युक्ती मला सर्वांत विलक्षण वाटते. मातीत नत्र नाही म्हणून काही वनस्पतींनी मातीचा नादच सोडला. दवबिंदूच्या पानांवर तांबड्या केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. त्यावर बसलेला किडा अडकतो आणि पान त्याला पचवते. सीतेची आसवे दिसायला नाजूक, पण तिच्या जमिनीखालच्या भागावर मोहरीहून बारीक पिशव्या असतात. चिखलातला एखादा सूक्ष्म जीव तिथल्या केसाला लागला की डोळ्याचे पाते लवायच्या आत पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढून घेते. सगळे शेजारी मुळांनी ज्या तुटपुंज्या नत्रासाठी झगडत आहेत, तो नत्र यांनी भलत्याच दाराने मिळवला. या युक्तीला खर्च आहे. चिकटा तयार करायला आणि पिशव्या उभारायला अन्न लागते, आणि तेवढी हिरवी पाने कमी करावी लागतात. निकस जमिनीत, भरपूर उजेडात हा खर्च परवडतो. सुपीक जमिनीत नेऊन लावा, साध्या गवताच्या दोन पात्यांनी सावली धरली की दवबिंदू संपला. ही गोष्ट कासपुरतीच नाही. ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य टोकाची झुडुपी राने आणि दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली फिनबॉस नावाची झुडुपी राने यांची माती जगातल्या अतिशय निकस मातींपैकी आहे, आणि वनस्पतींच्या जातींची दाटी मात्र जगात नावाजलेली आहे.

मग अशा जमिनीला खत घातले तर?

याचे उत्तर इंग्लंडमध्ये गेली दीडशेहून अधिक वर्षे शेतातच लिहिले जात आहे. हार्टफर्डशरमधल्या रोथॅमस्टेड येथे जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये एका जुन्या गवताळ रानाचे तुकडे पाडले आणि वेगवेगळ्या तुकड्यांना वेगवेगळी खते द्यायला सुरुवात केली. वैरण कशाने जास्त येते, एवढेच त्यांना पाहायचे होते. वैरण वाढली. पण थोड्याच वर्षांत तुकडे एकमेकांपासून इतके वेगळे दिसू लागले की ते एकाच रानाचे भाग आहेत हे सांगूनही पटू नये. तो प्रयोग आजही चालू आहे. ज्या तुकड्यांना कधीच खत दिले नाही तिथे चाळीसच्या आसपास जाती टिकून आहेत. अमोनियाचे नत्रखत भरपूर मिळालेल्या आणि चुना न घातलेल्या तुकड्यांवर दोन-तीन जातींची गवते उरली. त्यात आम्ल झालेल्या मातीचाही वाटा आहे हे मान्य केले पाहिजे, पण चुना घातलेल्या तुकड्यांवरही नत्र वाढेल तशी विविधता घटलेलीच दिसते.

असे का व्हावे याचा उलगडा २००९ मध्ये झुरिच इथल्या संशोधकांनी केला. त्यांनी गवताळ रानातल्या वनस्पतींना खत दिले, आणि काही ठिकाणी खालच्या थरात, दाट पानांच्या सावलीत, विजेचे दिवे लावले. दिवे नव्हते तिथे जाती घटल्या, दिवे होते तिथे बहुतांशी टिकल्या. खताने त्यांना विष झाले नव्हते, मुळांची मारामारीही नव्हती. लहानांना मारले ते सावलीने. जमिनीखाली दोन रोपे नत्रासाठी भांडतात तेव्हा मोठ्याला जास्त मिळते, पण लहानालाही आपल्या मुळांच्या मानाने काही ना काही मिळतेच. उजेड वरून येतो. शेजाऱ्याहून दोन बोटे उंच गेलेले पान दोन बोटांपुरता जास्त उजेड घेऊन थांबत नाही, ते जवळजवळ सगळा घेते आणि खाली अंधार ठेवते. पाणी, नत्र, स्फुरद अशा अनेक वस्तू तुटपुंज्या असताना एक वनस्पती एका बाबतीत काटकसरी असते, दुसरी दुसऱ्या बाबतीत, आणि कोणालाच सगळे जिंकता येत नाही. डेव्हिड टिल्मन यांनी १९८२ मध्ये हाच विचार गणिताने मांडला होता: ज्या वस्तूची टंचाई असेल, ती कमीत कमी असतानाही ज्याचे भागते तो टिकतो. टंचाया अनेक, म्हणून टिकणारेही अनेक. मातीतली सगळी उणीव खताने भरून काढली की उजेड एवढीच एक टंचाई उरते, आणि तिथे फक्त उंची चालते.

हे पाहायला इंग्लंडला जायचे कारण नाही. पुण्याची मुळा-मुठा, इंद्रायणी, खालचे उजनी धरण यांच्यावर दर वर्षी पसरणारी जलपर्णी म्हणजे पाण्यातला रोथॅमस्टेडच आहे. शहरांचे सांडपाणी आणि शेतांतून वाहून आलेली खते यांनी पाण्यातली नत्र-स्फुरदाची टंचाई संपवली. उरला प्रश्न उजेडाचा, आणि तो पृष्ठभागावर तरंगणाऱ्या एका दक्षिण अमेरिकन वनस्पतीने जिंकला. खालच्या पाणवनस्पती गेल्या, त्यांच्यावर जगणारे जीव गेले, जलपर्णी कुजताना पाण्यातला प्राणवायू गेला आणि त्याबरोबर मासे. आपण जलपर्णीला खलनायक ठरवून ती काढायच्या निविदा काढतो. नदीत नत्र ओतणे चालू आहे तोवर ती काढून काही उपयोग नाही, दुसरी कोणीतरी ती जागा घेईलच. खते, वाहने आणि कारखाने मिळून माणसाने जमिनीवर दरसाल येणाऱ्या वापरण्याजोग्या नत्राचे प्रमाण सुमारे दुप्पट केले आहे. याचा अर्थ जगातली कितीतरी निकस राने कोणी खत न टाकताही, नुसत्या हवेतून आणि पावसातून, हळूहळू खतावली जात आहेत.

इथे एक आक्षेप येणारच. सदाहरित जंगलात पाणी भरपूर, ऊन भरपूर, झाडे उंचच उंच, आणि तरीही जातींची गर्दी सर्वांत जास्त. माझे म्हणणे तिथे कोसळत नाही का? नाही, पण त्यात एक भर घालावी लागते. डॅनियल जॅन्झन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये स्वतंत्रपणे एक कल्पना मांडली. एखादे झाड जिंकू लागले की त्याच्यावर जगणारे किडे आणि बुरश्या त्याच्याभोवती जमतात. त्यामुळे त्याच्याच बुडाशी पडलेली त्याची रोपे बहुधा मरतात, आणि तिथे दुसऱ्या जातीला वाव मिळतो. विजेता जितका फोफावतो तितके त्याचे शत्रू वाढतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच जातीचा. त्यांनी खडकांवरचे तारामासे उचलून समुद्रात फेकून दिले. तारामासा शिंपले खातो. तो गेल्यावर शिंपल्यांनी सगळा खडक व्यापला आणि पंधरा जातींच्या जागी आठ उरल्या. खडकावरची जागा ही तिथली एकमेव टंचाई होती, आणि शिंपल्यांना आवरणारा होता तोवरच इतरांना ती मिळत होती. जिथे वस्तू एकच आहे तिथेही विविधता राहू शकते, पण त्यासाठी विजेत्याला कापणारे कोणीतरी हवे. डार्विनच्या हिरवळीत हे काम गवत कापणारा करत होता.

कासला ते काम म्हशी करत होत्या. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांची गुरे पिढ्यान् पिढ्या पठारावर चरत आली. पठार प्रसिद्ध झाले, पर्यटकांची झुंबड उडाली, फुले तुडवली जाऊ लागली, तेव्हा रक्षणासाठी कुंपण घातले गेले. हेतू चांगलाच होता. पण कुंपणाने पर्यटकांबरोबर गुरेही थांबली. काही वर्षांनी गवत माजल्याची आणि फुले विरळ झाल्याची तक्रार स्थानिक लोक आणि अभ्यासक करू लागले, आणि पुढे कुंपण काढण्यात आले. फुले कमी होण्यात पर्यटकांच्या पावलांचा आणि पावसाच्या लहरीचा वाटा किती आणि गवताचा किती, हे मोजून वेगळे करणे अवघड आहे. तरी उंच गवताने बुटक्या फुलझाडांचा उजेड हिरावला असणार, हे मानायला डार्विनच्या तीन फूट बाय चार फुटांपासून झुरिचच्या दिव्यांपर्यंतचा सगळा पुरावा साथ देतो. यातून कितीही चरू द्यावे असे मात्र निघत नाही. दख्खनच्या माळांवर अतिचराई झाली तिथे पवन्या आणि मारवेल यांसारखी कसदार गवते संपली आणि कुसळी उरली, हे धनगरांना कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञाइतके ठाऊक आहे. कापणी नसली तर उंच जिंकतो, फार झाली तर नकोसा जिंकतो. मधले प्रमाण राखणारे ज्ञान त्या त्या गावाकडे असते, आणि संरक्षणाचा आराखडा करताना तेच विचारात घेतले जात नाही.

आता मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणाऱ्या गोष्टीकडे येतो. महाराष्ट्रातले माळ, टेकड्या आणि कोकणातले कातळसडे यांच्याकडे आपण 'रिकामी जागा' म्हणून पाहतो. सातबाऱ्यावर पोटखराबा, सरकारी नकाशांत पडीक, आणि वृक्षारोपणाच्या उत्साहात 'बोडकी टेकडी'. पुण्याच्या भोवतालच्या टेकड्यांवर गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, मोठ्या प्रमाणावर लावला गेला. मध्य अमेरिकेतून आलेले हे शेंगवर्गीय झाड आहे. ते भराभर वाढते, स्वतःचे बी स्वतः पसरवते, दाट सावली धरते, आणि मुळांवरच्या गाठींतून मातीत नत्र भरते. शेताच्या बांधावर हे सगळे गुण आहेत. माळाच्या गवतासाठी हेच एकत्र आले की घात होतो, कारण नत्र आणि सावली या दोन्ही गोष्टी रोथॅमस्टेडने आणि झुरिचने दाखवलेल्याच आहेत. टेकडी लांबून हिरवी दिसते. तिच्यावरची गवते, त्यांत उगवणारी कंदीलफुले, गवतात अंडी घालणारे चंडोल आणि धाविक, त्या गवतावर जगणारे चिंकारे आणि त्यांच्यामागे असलेला लांडगा, एवढ्या सगळ्यांच्या बदल्यात आपल्याला एक झाड मिळालेले असते. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. आज तिथे माळढोक दिसणे जवळपास संपले आहे. त्याची कारणे अनेक आहेत, पण माळ म्हणजे काहीच नसलेली जागा ही आपली समजूत त्या सगळ्यांच्या मुळाशी आहे.

कोकणातल्या सड्यांवर कातळ सुरुंगाने फोडून खड्डे घेतात, बाहेरून माती आणून भरतात आणि हापूस लावतात. त्या शेतकऱ्याला मी दोष देऊ शकत नाही. त्याच्याकडे दुसरी जमीन नाही आणि आंब्याला भाव आहे. पण तो कातळ ओसाड होता असे कोणी म्हणू नये. पावसाळ्यात त्याच कातळाच्या डबक्यांत बेडकांची पैदास होते, सुट्या दगडांखाली साप-पाली राहतात, आणि इथल्या काही वनस्पती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. अपर्णा वाटवे यांच्यासारखे अभ्यासक सह्याद्रीतल्या या खडकाळ पठारांवर वर्षानुवर्षे काम करून हे सांगत आले आहेत.

प्राण्यांच्या बाबतीतही आपण नकळत खत घालतो. रानातला जेतासुद्धा टंचाईच्या वेसणीत असतो. ससे आणि हरणे कमी झाली की लांडग्याची पिल्लेही कमी जगतात, आणि त्यामुळे ससे-हरणांना पुन्हा सावरायला वेळ मिळतो. गावाच्या उकिरड्यावर आणि शहराच्या कचऱ्यावर पोसलेल्या भटक्या कुत्र्याला ही वेसण नाही. त्याचे पोट कचऱ्यावर भरते आणि शिकार वरकड असते. माळावरचे शेवटचे चिंकारा पाडसही त्याने मारले तरी त्याची संख्या घटत नाही. अशा अनुदानावर जगणाऱ्या स्पर्धकापुढे लांडगा आणि खोकड टिकणार कसे? त्यात कुत्र्यांकडून रोग लागतात, आणि पुणे परिसरातल्या माळांवर लांडगा-कुत्र्याचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून दिसून आले आहे. गिधाडांचे उदाहरण तर आपण सगळ्यांनी जगून पाहिले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने पंधरा-वीस वर्षांत देशातली नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे संपवली. कारण २००४ मध्ये सिद्ध झाले, गुरांसाठीच्या औषधावर बंदी २००६ मध्ये आली. मेलेल्या गुराचा तासाभरात सांगाडा करणारा मुख्य स्पर्धक बाजूला झाला, आणि ते सगळे मांस मोठ्या प्रमाणात कुत्र्यांच्या वाट्याला आले. कुत्र्यांनी गिधाडांना हरवले नव्हते. आपण एका औषधाने एकाला मारले आणि कचऱ्याने दुसऱ्याला पोसले. याला निसर्गाची निवड म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

म्हणूनच माणसांच्या जगातल्या लुटीला निसर्गनियमाचा आधार देणारे लोक मला पटत नाहीत. 'सर्वांत लायक तो टिकतो' हा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये रूढ केला आणि डार्विनने तो आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत, १८६९ मध्ये घेतला. तेव्हापासून तो मक्तेदारांच्या फार कामाला आला. पण लायक म्हणजे कोण, हे जागा ठरवते. कासच्या खडकावर लायक आहे तो दवबिंदू, आणि खतावलेल्या रानात तो एक हंगामही टिकणार नाही. सगळ्यांना गिळून एकट्याने उरणारा जेता आपल्याला दिसतो तो मुख्यतः तिथे, जिथे कोणीतरी बाहेरून येऊन टंचाई मोडली आहे, कापणारा हटवला आहे किंवा एका बाजूला फुकट पोसले आहे. असा जेता पाहिला की त्याच्या सामर्थ्याचे कौतुक करण्याआधी त्याला कोण पुरवतो ते शोधावे.

हे सगळे लिहिण्यामागे एक साधी मागणी आहे. माळ, सडे आणि गवताळ टेकड्या पडीक जमिनींच्या यादीतून काढून त्यांना जंगलाइतकाच दर्जा द्यावा, आणि तिथली चराई गावांशी बोलून ठरवावी. हे सरकारचे काम आहे आणि त्याला वेळ लागेल. वाचकांच्या हातात असलेले काम लहान आहे. दर पावसाळ्यात शाळा, कंपन्या आणि मंडळे झाडे लावायला टेकड्यांवर जातात, त्यांत आपणही असतो. खड्डा घेण्याआधी एक वर्ष थांबा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्या जागी काय उगवते, काय फुलते, कोणते पक्षी गवतात उतरतात ते महिन्यातून एकदा जाऊन पाहा, जमल्यास एखाद्या वनस्पती-अभ्यासकाला आणि तिथे गुरे चारणाऱ्याला बरोबर घ्या. तिथे पूर्वी जंगल होते आणि ते तुटले आहे असे कळले तर तिथली देशी झाडे जरूर लावा. गवत असेल तर ते गवतच राहू द्या आणि झाड दुसरीकडे लावा.